कपाशीच्या सापळ्यावरचा कॅमेरा: मॉड्यूल निवडण्याआधी झोपेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: विदर्भातल्या कपाशीच्या शेतांत गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यांवर ५० उपकरणे बसवायची आहेत. प्रत्येकाने दर १५ मिनिटांनी तापमान, आर्द्रता आणि जमिनीतला ओलावा मोजायचा, रोज सकाळी सापळ्याच्या चिकट तळाचा एक फोटो काढायचा आणि सगळे मोबाइल नेटवर्कवरून पाठवायचे. वीज बॅटरी आणि छोट्या सोलर पॅनेलची. हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर. रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू (लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा छोटा संगणक), ईएसपी३२-कॅम (मायक्रोकंट्रोलर चिप आणि कॅमेरा असलेला तयार बोर्ड), आय.एमएक्स ६यूएलएलचा लिनक्स मॉड्यूल आणि एसटीएम३२डब्ल्यूएलचा लोरा मॉड्यूल (लोरा म्हणजे कमी विजेत दूरवर थोडासाच डेटा नेणारा रेडिओ) यांपैकी काय घ्यावे?

चारही मॉड्यूल आपापल्या जागी चांगले आहेत. पण तुमचे उपकरण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांपैकी पाच मिनिटेही जागे राहणार नाही. त्यामुळे प्रोसेसर किती वेगवान, रॅम किती, हे प्रश्न नंतरचे. आधी दोनच गोष्टी विचारा: झोपेत अख्खा बोर्ड किती करंट घेतो, आणि जागे होऊन काम आटोपून पुन्हा झोपायला त्याला किती वेळ लागतो?

पाय झिरो २ डब्ल्यूपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचा हात आधी तिकडेच जातो. काही काम नसतानाही तो सुमारे ०.६ ते ०.७ वॅट खातो, म्हणजे दिवसाला १५ वॅट-तासांच्या आसपास. २६०० मिलिअँप-तासांच्या एका १८६५० लिथियम सेलमध्ये साडेनऊ वॅट-तास असतात. म्हणजे सेल दिवसभरही पुरणार नाही. श्रावणात आठवडाभर ऊन पडले नाही तर मोठे पॅनेल आणि मोठी बॅटरी लागते. खर्च मॉड्यूलच्या किमतीपेक्षा या दोघांवरच जास्त होतो. शिवाय पायला खरी झोप नाही. लॅपटॉपसारखे मेमरी जिवंत ठेवून बाकी सगळे बंद करणे त्याला जमत नाही. एक तर तो चालू असतो, नाही तर बाहेरून वीज तोडलेली असते.

तरीही पाय लगेच बाद करू नका, वीज तोडून वापरला तर हिशेब पार बदलतो. दिवसातून एकदाच चालू केला, बूट होऊन फोटो काढून पाठवून बंद व्हायला दोन मिनिटे लागली आणि सरासरी वापर दीड वॅट धरला, तर १८० ज्यूल, म्हणजे फक्त ०.०५ वॅट-तास. आता शेजारी आय.एमएक्स ६यूएलएलसारखा मॉड्यूल ठेवा. याला सस्पेंड, म्हणजे वर सांगितलेली लॅपटॉपसारखी झोप, येते, डीडीआर मेमरी सेल्फ-रिफ्रेशमध्ये (स्वतःच डेटा टिकवत) राहते आणि तो क्षणात जागा होतो. सस्पेंडमध्ये अख्खा बोर्ड ३० मिलिवॅट घेतो असे धरले, तर २४ तासांचे ०.७२ वॅट-तास झाले, म्हणजे पायच्या चौदा बूटइतके. दिवसातून चौदापेक्षा कमी वेळा लिनक्स लागणार असेल तर वीज तोडलेली परवडते, जास्त वेळा लागणार असेल तर सस्पेंड होणारा मॉड्यूल. तुमच्या हातातल्या बोर्डचा सस्पेंडचा आकडा आणि बूटचे ज्यूल स्वतः मोजा आणि हाच भागाकार करा. नाहीतर ‘कमी वीज लागणारा लिनक्स मॉड्यूल’ या शब्दांवर भुलून आपण उगाच महाग पर्याय निवडतो.

पण इथे लिनक्स लागतोच कशाला? रोज एक फोटो काढून पाठवायला लागत नाही. पतंगांची मोजणी उपकरणावरच करायची असेल, फोटोतून पतंग ओळखणारे मोठे मॉडेल चालवायचे असेल किंवा दोन-तीन कॅमेरे असतील तर लागतो. गुलाबी बोंडअळीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी म्हणजे सलग तीन दिवस सापळ्यात रोज ८ पतंग. म्हणजे निर्णय दिवसाला एकदा, आणि मोजणी सर्व्हरवर झाली तरी शेतकऱ्याला सकाळीच कळते. माझे मत असे की पहिल्या हंगामात मोजणी सर्व्हरवरच करा. त्यात चिकट तळावर पडलेले इतर किडे, धूळ, पावसाचे थेंब, अर्धवट तुटलेले पंख असे खरे फोटो हजारोंनी गोळा होतील. ते हातात नसताना उपकरणावर मोजणी करणारे मॉडेल बसवणे म्हणजे अंधारात चाचपडणे.

लोराचेही तसेच: काम काय आहे त्यावर ठरते. एसटीएम३२डब्ल्यूएलवर बांधलेले मॉड्यूल झोपेत एक-दोन मायक्रोअँप घेतात आणि नुसत्या तापमान-ओलाव्यासाठी त्यांच्याइतके योग्य दुसरे काही नाही. २० बाइटांचा एक निरोप लोरावॅनवर (लोराचे नेटवर्क) एसएफ१० ने (पल्ला जास्त, वेग कमी अशी सेटिंग) पाठवायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. त्या वेळी पूर्ण शक्तीवर सुमारे ११८ मिलिअँप, थोडे सेन्सरचे, थोडे ऐकण्याचे, असे निरोपामागे ६० मिलिअँप-सेकंद. दिवसाचे ९६ निरोप म्हणजे १.६ मिलिअँप-तास. एका १८६५० सेलवर दोन वर्षे सहज. पण एसएफ१० वर एका निरोपात ५१ बाइटच बसतात. ६० किलोबाइटचा फोटो पाठवायला सुमारे १,१८० निरोप, प्रत्येकी ०.७ सेकंद, म्हणजे नुसता हवेतला वेळ १३-१४ मिनिटे आणि २७ मिलिअँप-तास. वाटेत शंभर निरोप गळले की फोटो फुकट. फोटो असेल तिथे लोरा नको. पुढे मोजणी उपकरणावर आली आणि फक्त ‘आज ६ पतंग’ एवढेच पाठवायचे असेल, तेव्हा लोरा पुन्हा विचारात घ्या.

राहिला ईएसपी३२. चिप बरोबर आहे, पण ईएसपी३२-कॅम हा तयार बोर्ड या कामाला नको. बाजारातल्या अशा बोर्डांवर एएमएस१११७ हा रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारी चिप) असतो आणि तो एकटाच, काहीही काम नसताना, ५ मिलिअँप पितो. इतर डेव्हलपमेंट बोर्डांवर त्यात पॉवरचा एलईडी आणि यूएसबीची चिप जोडा, की झोपेतला करंट ८ मिलिअँपवर जातो, म्हणजे दिवसाला १९२ मिलिअँप-तास. चिपच्या माहितीपत्रकात डीप स्लीपचा (गाढ झोपेचा) आकडा ८-१० मायक्रोअँप असतो. तो खोटा नाही, पण तो चिपचा आहे, बोर्डचा नाही. ‘डीप स्लीप लावला तरी बॅटरी आठवडाभरही टिकत नाही’ ही तक्रार जिथे ऐकाल तिथे बहुतेक वेळा हाच रेग्युलेटर असतो.

म्हणून शिफारस अशी: ईएसपी३२-एस३-व्रूम-१ हा सुटा मॉड्यूल स्वतःच्या छोट्या पीसीबीवर (सर्किट बोर्डवर), ओव्ही२६४० कॅमेरा, आणि ए७६७०सीसारखा ४जी कॅट-१ मोडेम, ज्याची वीज ईएसपी पूर्ण तोडू शकेल. जुना सिम८००एल मोडेम स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. तो फक्त २जी आहे, जिओवर चालणारच नाही आणि बाकीच्यांचे २जी किती वर्षे राहील यावर उपकरण उभे करण्यात अर्थ नाही.

एस३ मागवताना नावातली शेवटची अक्षरे नीट वाचा. आर८ म्हणजे ८ मेगाबाइट ऑक्टल (आठ तारांची) पीएसरॅम, म्हणजे जादा मेमरी. ऐकायला छान, पण त्या प्रकाराची तापमानमर्यादा ६५ अंश सेल्सिअस आहे. उन्हातली बंद पेटी ऑक्टोबर हीटमध्ये त्याच्या फार जवळ जाते. शिवाय ऑक्टल पीएसरॅममुळे ३५, ३६ आणि ३७ या तीन पिना तुमच्या हातून जातात. एन८आर२, म्हणजे २ मेगाबाइट क्वाड (चार तारांची) पीएसरॅमवाला, ८५ अंशांपर्यंत चालतो, आणि १६०० बाय १२०० च्या जेपेग फोटोला २ मेगाबाइट भरपूर झाले. दुकानदार ‘आर८ आहे साहेब, मोठा आहे, त्याच भावात देतो’ म्हणाला तरी आर२ च घ्या.

आता दिवसाचा हिशेब मांडू. झोपेत अख्खा बोर्ड ५० मायक्रोअँप: दिवसाला १.२ मिलिअँप-तास. दर १५ मिनिटांचे मोजमाप: ०.६ सेकंद, ४० मिलिअँप, ९६ वेळा, एकूण ०.६४. फोटो: ८ सेकंद, २०० मिलिअँप, म्हणजे ०.४४. फोटो पाठवणे: मोडेम चालू होऊन नेटवर्क धरून पाठवून बंद होईपर्यंत ९० सेकंद, सरासरी २०० मिलिअँप, म्हणजे ५. आणखी तीन वेळा फक्त आकडे पाठवणे, प्रत्येकी ३५ सेकंद आणि १५० मिलिअँप, एकूण साडेचारच्या आत. बेरीज १२ मिलिअँप-तासांच्या खाली. ४ व्होल्टच्या आसपास हे ०.०५ वॅट-तास होतात. प्रत्यक्षात कन्व्हर्टरचे नुकसान, कमकुवत सिग्नल, पुन्हा-पुन्हा प्रयत्न हे सगळे येते, म्हणून दुप्पट धरा: दिवसाला ०.१ वॅट-तास.

या बेरजेत मोडेमचा वाटा सगळ्यात मोठा आहे. दर १५ मिनिटांनी मोडेम उठवलात तर रोजचे १४० मिलिअँप-तास त्यातच जातील. म्हणून वाचने साठवा आणि दिवसातून चार वेळा एकगठ्ठा पाठवा. १२ बाइटांचे एक वाचन धरले तर ९६ वाचनांचे १,१५२ बाइट होतात. ते एस३ च्या ८ किलोबाइट आरटीसी स्लो मेमरीत आरामात बसतात आणि डीप स्लीपमध्ये पुसले जात नाहीत. वीज गेली तर मात्र जातात, म्हणून मोडेम उठवण्याआधी फ्लॅशमध्ये एक प्रत लिहून ठेवा. दर वाचनाला फ्लॅश लिहायची गरज नाही.

बॅटरीच्या बाबतीत एक घोळ हमखास होतो. उष्णतेत लिथियम आयर्न फॉस्फेट सेल जास्त सुरक्षित आणि टिकाऊ, म्हणून लोक तो निवडतात, आणि निवड बरोबरच आहे. पण त्याचा एक सेल ३.२ व्होल्टचा, आणि ए७६७०सीला किमान ३.४ व्होल्ट लागतात. मोडेम सुरू होतो, टॉवरशी बोलायला जातो आणि रीसेट होतो. माणूस मग दोन दिवस सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. म्हणून दोन सेल मालिकेत जोडा: ६.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ७.३. मोडेमसाठी ३.८ व्होल्टचा, २ अँप देणारा, एनेबल (चालू-बंद करणारी) पिन असलेला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारे सर्किट). ईएसपीसाठी वेगळा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, स्वतःचा वापर काही मायक्रोअँपचाच. एमसीपी१७०० इथे नको. तो काटकसरी आहे, पण त्याची मर्यादा ६ व्होल्टची, ७.३ वर तो टिकणार नाही. एचटी७३३३ हा १२ व्होल्टपर्यंत चालतो आणि ४ मायक्रोअँप घेतो. त्याची मर्यादा २५० मिलिअँप, म्हणून कॅमेरा आणि फ्लॅशचा एलईडी त्याच्यावर टाकू नका, आणि वायफाय बंद ठेवा. वायफाय सुरू होतानाचा झटका त्याला पेलत नाही आणि ईएसपी ब्राउनआउटने (व्होल्टेज पडल्यामुळे) रीसेट होतो. बसवताना फोनवर तपासणीसाठी वायफाय हवेच असेल तर मोठा रेग्युलेटर घ्यावा लागेल.

१५०० मिलिअँप-तासांचे दोन १८६५० सेल म्हणजे ९.६ वॅट-तास. त्यातले ८० टक्के वापरता आले तरी अजिबात ऊन न पडता ७० दिवस जातील. हंगाम दीडशे दिवसांचा, म्हणून ९ व्होल्ट, २ वॅटचे पॅनेल पुष्कळ झाले. पावसाळ्यात दिवसाला तासभराचे खरे ऊन मिळाले आणि निम्मी ऊर्जा वाटेत गेली, तरी एका दिवसात दहा दिवसांची भर पडते. चार्जिंगसाठी टीपी४०५६ चे तयार मॉड्यूल चालणार नाहीत: ते एका लिथियम-आयन सेलसाठी आहेत, आणि त्यांत तापमान पाहणारी पिन सरळ ग्राउंडला जोडलेली असते. म्हणजे सेल ६० अंशांवर असला तरी चार्जिंग चालूच. चार्जर असा घ्या की व्होल्टेज दोन फॉस्फेट सेलांसाठी रेझिस्टरने ठरवता येते आणि थर्मिस्टर (तापमान पाहणारा रेझिस्टर) लावता येतो. सीएन३७२२ त्यासाठी चालतो. थर्मिस्टर सेलला चिकटवा, पीसीबीला नाही. पॅनेल पेटीच्या वर दोन बोटे अंतर सोडून बसवा, म्हणजे तेच छपराचे काम करते.

आता ५० मायक्रोअँपचा आकडा प्रत्यक्षात कसा आणायचा, कारण सगळा हिशेब त्यावर उभा आहे. पहिला बोर्ड जोडून मोजला की बहुधा ४००-५०० मायक्रोअँप दिसतात. पहिला संशय बॅटरीचे व्होल्टेज मोजणाऱ्या दोन रेझिस्टरांवर घ्या. १०० किलोओहमचे दोन लावले तर ६.४ व्होल्टवर ३२ मायक्रोअँप सतत वाहतात, चिपच्या झोपेच्या चौपट. वर २ मेगाओहम, खाली १ मेगाओहम आणि खालच्याला समांतर १०० नॅनोफॅरड लावा. वापर २ मायक्रोअँपवर येतो आणि कपॅसिटरमुळे एडीसीचे (व्होल्टेज मोजणाऱ्या भागाचे) वाचनही स्थिर येते.

दुसरा गुन्हेगार सापडायला अवघड असतो. मोडेमची वीज तोडली, पण ईएसपीची युआर्टची टीएक्स पिन (मोडेमला डेटा पाठवणारी) अजून हाय आहे. मग त्या तारेतून, मोडेमच्या आतल्या संरक्षक डायोडमधून, मागच्या दाराने वीज शिरते आणि बंद मोडेम अर्धवट जिवंत राहतो. शेकडो मायक्रोअँप तर जातातच, पण पुढच्या वेळी मोडेम नीट रीसेट न झाल्यामुळे सुरूच होत नाही. ए७६७०सीच्या पिना १.८ व्होल्टच्या आहेत, त्यामुळे मध्ये लेव्हल शिफ्टर (दोन व्होल्टेजमधला दुवा) लागतोच. तो असा निवडा की मोडेमकडची वीज गेली की दोन्ही बाजू सुटतात. कॅमेऱ्याचेही हेच. त्याच्या आय२सीसारख्या दोन तारांचे पुल-अप रेझिस्टर (तार हाय ठेवणारे) कायमच्या ३.३ व्होल्टला जोडू नका, लोड स्विचच्या (वीज तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) पलीकडे जोडा, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर तेही बंद होतील. झोपण्याआधी या सगळ्या पिना लो करा आणि होल्ड लावा (म्हणजे त्या तशाच धरून ठेवा), नाहीतर डीप स्लीपमध्ये त्या पुन्हा मोकळ्या सुटतात. कॅमेऱ्याची नुसती पॉवर-डाउन पिन पुरत नाही, वीजच तोडायला हवी.

ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर सुमारे ५ मिलिअँप घेतो, त्यालाही लोड स्विच. त्याच्या पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, त्यांतून पाणी आत शिरते आणि महिन्याभरात वाचन सरकत जाते. जमिनीत घालण्याआधी कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या. तापमान-आर्द्रतेचा एसएचटी४० सेन्सर मात्र झोपेत एक मायक्रोअँपही घेत नाही, त्याला कायम जोडलेला ठेवला तरी चालतो.

साधे मल्टिमीटर मायक्रोअँपच्या रेंजवर ठेवून हे मोजू नका. त्याच्या आतल्या रेझिस्टरवर इतके व्होल्ट पडतात की ईएसपी जागा होतानाच रीसेट होतो. आयएनए२१९ चे तयार मॉड्यूल ०.१ ओहमच्या शंटमुळे (करंट मोजायच्या रेझिस्टरमुळे) मायक्रोअँप पाहूच शकत नाही. नॉर्डिकचा पॉवर प्रोफायलर किट २ हा २०० नॅनोअँप ते १ अँप मोजतो, आणि ५० युनिटांच्या कामात त्याची किंमत पहिल्याच आठवड्यात वसूल होते. त्याची मर्यादा ५ व्होल्टची, त्यामुळे तो बॅटरीच्या बाजूला न लावता ३.३ व्होल्टच्या रेषेत लावा (बॅटरीच्या बाजूच्या त्या दोन रेझिस्टरांचा वापर यात दिसणार नाही). मोडेमचे २ अँपचे झटके वेगळे, ऑसिलोस्कोपने पाहा. मोडेमच्या पिनेजवळ १००० मायक्रोफॅरडचा, कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावून झटक्याच्या वेळी व्होल्टेज ३.४ च्या खाली जात नाही ना, एवढेच तपासायचे.

कॅमेऱ्याबद्दल दोन बाबी. ओव्ही२६४० चा फोकस दूरच्यासाठी पक्का केलेला असतो. सापळ्यात तळ १२-१५ सेंटिमीटरवर असेल तर पतंग धूसर दिसतात. भिंगाच्या कडेवरचा डिंक ब्लेडने हलकेच कापून भिंग थोडे बाहेर फिरवा, वर्तमानपत्राची बारीक अक्षरे स्पष्ट दिसली की नखभर नेलपॉलिश लावून पक्के करा. आणि चालू केल्यावरच्या पहिल्या चार-पाच फ्रेम टाकून द्या. तोवर एक्स्पोजर बसलेले नसते, फोटो हिरवट किंवा काळपट येतो.

शेतात बॅटरी संपते ती बहुधा नेटवर्कमुळे. टॉवर बंद असला की मोडेम शोधत राहतो, कोडमध्ये ‘जोडले जाईपर्यंत थांब’ असे लिहिलेले असते, आणि एका रात्रीत महिन्याभराची वीज जाते. मोडेमला ९० सेकंदांची कडक मर्यादा घाला. झाले नाही तर वीज तोडा, पुढचा प्रयत्न तासाने, मग तीन तासांनी, मग दुसऱ्या दिवशी. हा वेळ मोजणारा टायमर मोडेमच्या लायब्ररीवर सोपवू नका, वॉचडॉगला (अडकलेला प्रोग्रॅम रीसेट करणाऱ्या टायमरला) द्या. ईएसपीचे आतले घड्याळ तापमानाबरोबर बरेच सरकते, म्हणून जोडणी झाली की रोज एकदा नेटवर्कवरून वेळ घ्या, किंवा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल लावा. नाहीतर सकाळी ७ चा फोटो दहा दिवसांत अंधारात निघायला लागेल.

ही उपकरणे पुढे विकायची असतील तर आत्ताच, खरेदीच्या वेळी, वायरलेस मॉड्यूलला डब्ल्यूपीसीचे ईटीए (रेडिओ उपकरणांची सरकारी मंजुरी) आणि मोडेमला टीईसीचे एमटीसीटीई (दूरसंचार उपकरणांची सक्तीची चाचणी) प्रमाणपत्र आहे का ते लेखी विचारा. क्रमांक मिळाल्याशिवाय ५० चा ऑर्डर देऊ नका.

आणि ५० बोर्ड एकदम भरूच नका. तीन बनवा. एक तीन आठवडे गच्चीवर उन्हात, पॅनेलसकट. दुसरा ६० अंशांवर गरम केलेल्या बंद डब्यात, आठ तास. तिसरा अँटेना काढून, पॅनेलशिवाय, मोडेमची ९० सेकंदांची मर्यादा लागते का ते पाहायला. तिसऱ्याने किती वीज खाल्ली ते रोज मोजून लिहून ठेवा. आठवड्यात त्याने ०.८ वॅट-तासांपेक्षा जास्त खाल्ले तर टाइमआउटचा कोड पुन्हा उघडा, बॅटरी मोठी करू नका.